डावा हात कशात गुंतला आहे? वेल्डिंग व धातुकामाच्या अवजारांत सुधारणा करण्याची पद्धत

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील लहान फॅब्रिकेशन शेडमध्ये फिरले, तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एखादे तरी असे अवजार दिसते, जे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात विकत मिळत नाही. तुटलेल्या पान्याच्या दांड्याला पट्टी जोडून केलेली पकड, जुन्या ब्रेक ड्रमवर उभे केलेले ग्राइंडरचे स्टँड, पाइप लोळू नये म्हणून अँगल उलटा जोडून केलेली बैठक, अशी ही अवजारे असतात. ती करणारा मिस्त्री त्यांना शोध म्हणत नाही, त्यांचे चित्र काढून ठेवत नाही, आणि तो शेड सोडून गेला की ते अवजार भंगारात जाते. ही हानी मला फार मोठी वाटते. म्हणून मनात आलेली सुधारणा प्रत्यक्ष घडवण्यापासून ती कागदावर नोंदवण्यापर्यंतचा मार्ग येथे सविस्तर मांडत आहे. उदाहरण म्हणून द्राक्षबागेच्या मांडवाला लागणाऱ्या वाय आकाराच्या लोखंडी सांगाड्याचे काम घेतले आहे, कारण निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या परिसरातून या कामाची मागणी सतत येते आणि माझ्या शेडमधील पहिले खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेले फिक्स्चर, म्हणजे वेल्ड करायचे तुकडे ठरल्या जागी धरून ठेवणारी चौकट, याच कामातून तयार झाले.

सुरुवात पाहण्यापासून

सुधारणा करायची म्हटले की लक्ष लगेच यंत्राकडे जाते. मशीन जास्त ॲम्पिअरचे घ्यावे, ग्राइंडर मोठा घ्यावा, असे विचार सुरू होतात. त्याऐवजी कामगाराच्या हातांकडे पाहावे, आणि त्यातही काम करणाऱ्या हाताकडे न पाहता नुसते धरून ठेवणाऱ्या हाताकडे पाहावे. ज्या हाताला धरण्यापलीकडे काही काम नाही, तो हात म्हणजे अजून न बनलेले अवजार होय.

आमच्याकडे वाय सांगाड्याचे काम असे चालत असे. जमिनीवर खडूने आकृती काढलेली असे. खांबाचा तुकडा त्यावर ठेवून वेल्डर डाव्या हाताने एक तिरका बाहू खडूच्या रेषेवर धरी, उजव्या हातात रॉडचा होल्डर असल्यामुळे चेहऱ्यावरची काच मानेला झटका देऊन खाली पाडी आणि टाका, म्हणजे तात्पुरता लहान वेल्ड, मारी. दुसरा बाहू हेल्पर धरून बसे. हेल्परकडे काच नसे. “मिस्त्री, मी धरतो, पण तिकडे बघणार नाही,” असे म्हणून तो तोंड फिरवी, आणि तोंड फिरवलेल्या माणसाच्या हातातील लोखंड जागेवर राहत नसल्यामुळे बाहू दोन-चार मिलिमीटर सरके. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच हेल्परच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागे, कारण आर्कमधील, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधील विजेच्या ज्योतीतील, अतिनील किरणांचा दाह काही तासांनंतर जाणवतो. एका कामात तीन हात नुसते धरण्यात गुंतले होते आणि तरीही माप चुकत होते.

असे निरीक्षण आपल्या शेडमध्ये किमान अर्धा दिवस, हातात वही आणि घड्याळ घेऊन करावे. आर्क प्रत्यक्ष चालू असल्याचा वेळ, जॉब (वेल्ड करायची वस्तू) धरणे व जुळवणे यांत गेलेला वेळ, रॉड (वितळून जोड भरणारी कांडी) बदलण्याचा वेळ, स्लॅग (वेल्डवर गोठलेले कवच) काढणे व ग्राइंडिंगचा वेळ आणि वस्तू शोधण्यात गेलेला वेळ वेगवेगळा लिहावा. कामगाराला आधी सांगून, विश्वासात घेऊन हे करावे. त्याच्यावर पाळत ठेवली जात आहे असे त्याला वाटले, तर तो नेहमीपेक्षा वेगळे काम करतो आणि वही निरुपयोगी ठरते. काही गोष्टी घड्याळाशिवायही कळतात. साडेतीनशे मिलिमीटर लांबीच्या रॉडचे सुमारे ५० मिलिमीटरचे टोक होल्डरमध्ये उरते आणि फेकले जाते, म्हणजे विकत घेतलेल्या प्रत्येक सात रॉडांमागे एक रॉड कचऱ्यात जातो. टोके दीडशे मिलिमीटरची दिसू लागली, तर रॉडला नावे ठेवण्याआधी हात पोहोचत नाही अशा जागी जॉब ठेवला आहे का, हे पाहावे.

नोंद झाल्यावर प्रत्येक गुंतलेल्या हातासाठी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: हा हात येथे का आहे? आमच्या बाबतीत पहिले उत्तर होते, “बाहू हलू नये म्हणून.” बाहू का हलतो? टाका थंड होताना आकसतो आणि बाहूला आपल्या बाजूला ओढतो म्हणून. येथे प्रश्नाचे रूपच बदलले. मोठ्या ताकदीचा क्लॅम्प ही आमची गरज नव्हती. बाहू कोठे टेकला पाहिजे आणि कोणत्या दिशेने त्याला मोकळे सोडले पाहिजे, हे ठरवण्याची गरज होती. हा टप्पा घाईने ओलांडणारे लोक चुकीच्या प्रश्नाचे भक्कम उत्तर तयार करून बसतात.

जुन्या शोधांनी कोणता हात सोडवला

धातुकामातील मोठे शोध याच दृष्टीने वाचावेत. इसवी सन १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्सले यांनी लेथवर सरकती बैठक आणि तिला पुढे नेणारा लांब लीड स्क्रू यांची पक्की जोडणी केली, तेव्हा कापणारे हत्यार कारागिराच्या मुठीतून सुटून यंत्राच्या पकडीत गेले आणि आटे एकसारखे पडू लागले. १९२४ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील विल्यम पीटरसन या लोहाराने जागेवर अडकून बसणाऱ्या पकडीचे पेटंट घेतले. ऐरणीवर काम करताना तापलेला तुकडा सतत दाबून धरावा लागू नये, एवढीच त्याची गरज होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी जहाजांच्या बॉयलरच्या दुरुस्तीसाठी उघड्या तारेवर लेप चढवला आणि आज ज्याला आपण साधा रॉड म्हणतो तो जन्माला आला. लेप जळून वायूचे आणि स्लॅगचे आवरण तयार करतो, त्यामुळे वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवण्याची चिंता वेल्डरच्या डोक्यावरून उतरली. १९४१ मध्ये रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमचे विमानाचे भाग जोडण्यासाठी टंगस्टनचे टोक आणि हेलियम वायू यांची जोड घातली. शेजारी ओझरला विमाने बनत असताना या पद्धतीचे, म्हणजे टिग वेल्डिंगचे, मूळ विमानाच्या कारखान्यात आहे, हे नाशिकच्या वेल्डरला ठाऊक असायला हवे. पुढे १९४८ च्या सुमारास तार आपोआप पुढे सरकवणारे मिग वेल्डिंग आले आणि रॉड बदलण्याचा वेळच संपला. आणि १९८१ साली स्वीडनमध्ये आर्क पेटताच स्वतःहून काळी होणारी काच बाजारात आली, जिने मानेचा तो झटका बंद केला.

हे शोध वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: त्यांतील बहुतेकांची सुरुवात विशिष्ट कामातील विशिष्ट अडचणीतून झाली. बॉयलर गळत होता, तुकडा निसटत होता, मॅग्नेशियम पेटत होते. “वेल्डिंग सुधारावे” असा मोघम विचार करून बसलेल्या माणसाच्या हाती सहसा काही लागत नाही.

जुन्या नाशकातील तांबट लेनमध्येही हाच धडा मिळतो. मठारकाम, म्हणजे भांड्यावर ओळीने ठोके उमटवण्याचे काम, करणारा तांबट एका हाताने भांडे लोखंडी आधारावर फिरवत ठेवतो आणि दुसऱ्या हाताने ठोके मारतो. पाहणाऱ्याला तो भांडे फिरवणारा हात नुसता धरणारा वाटतो. प्रत्यक्षात ठोक्यांमधील अंतर तोच हात ठरवत असतो. असा हात यंत्राने सोडवायला गेले, तर कामाचा प्राणच जाईल. तेथे सुधारणा करायची असेल, तर हातोडीच्या तोंडाची झिलई टिकवण्याची किंवा आधाराची उंची गुडघ्यांना सोसेल अशी करण्याची करावी. म्हणून गुंतलेला हात दिसला की तो खरोखर रिकामाच धरून आहे की त्या धरण्यात कौशल्य आहे, हे काम करणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवावे.

विकत मिळत असेल तर आधी ते घ्यावे

शोध लावण्याच्या उत्साहात बाजारात तयार असलेली वस्तू पुन्हा घडवण्यात महिने घालवणे हा वेळेचा अपव्यय आहे. आपोआप काळी होणारी काच, टॉगल क्लॅम्प (हँडल दाबताच आवळून बसणारी पकड), चुंबकी गुण्या, इन्व्हर्टर मशीन या वस्तू आता लहान शेडच्या आवाक्यात आहेत. हेल्परसाठीही एक काच घ्यावी, हे वेगळे सांगावे लागू नये. परंतु बहुतेक शेडमध्ये काच एकच असते, म्हणून सांगतो.

विकत घेतलेला शोधही नीट समजून वापरावा लागतो, आणि याचे उत्तम उदाहरण इन्व्हर्टर मशीन आहे. जुना वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेवर चालतो, म्हणून त्याचा लोखंडी गाभा आणि तांब्याचे वेढे मोठे लागतात. इन्व्हर्टर हीच वीज आधी एकदिश करतो आणि मग सेकंदाला काही दहा हजार वेळा चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरला देतो. आवर्तने वाढली की तेवढ्याच शक्तीसाठी गाभा लहान पुरतो, आणि म्हणून जे मशीन दोन माणसे चाकांवर ढकलत नेत, ते आता खांद्याला अडकवून बागेत नेता येते. पण बागेत विजेची जोडणी दूर असते. पन्नास मीटर लांबीची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची एक्स्टेंशन वायर लावली, तर जाऊन-येऊन शंभर मीटर तारेचा रोध सुमारे १.२ ओहम होतो आणि २० ॲम्पिअर ओढताना २४ व्होल्ट वाटेतच जातात. त्याच अंतराला चार चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर ही घट सुमारे नऊ व्होल्टवर येते. मशीन “ओढत नाही” अशी तक्रार आली, की मशीन उघडण्याआधी वायरची जाडी पाहावी. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही.

दुसरी बाब धुळीची आहे. इन्व्हर्टरमधील पंखा समोरची हवा आत ओढतो, आणि त्याच टेबलावर ग्राइंडर चालत असेल, तर लोखंडाची बारीक भुकटी थेट इलेक्ट्रॉनिक सर्किटवर जाऊन बसते. पावसाळ्यात ती ओलसर झाली की सर्किट जळते. आमच्या शेडमध्ये मशीनसाठी कमरेच्या उंचीचा कंस भिंतीला लावला आणि ग्राइंडिंगची जागा विरुद्ध कोपऱ्यात नेली. हा शोध मुळीच नाही. तरी या एका बदलाने आमचा जेवढा खर्च वाचवला, तेवढा कोणत्याही नव्या अवजाराने वाचवलेला नाही.

फिक्स्चर घडवताना

वाय सांगाड्यासाठी तयार फिक्स्चर मिळत नव्हते, म्हणून ते घडवावे लागले. पहिला नमुना लोखंडाचा करू नये. आम्ही तो जुन्या प्लायवूडवर खिळे ठोकून केला आणि त्यात न वेल्ड करता फक्त तुकडे ठेवून-काढून पाहिले. तेवढ्यानेच कळले की पूर्ण झालेला जॉब ज्या बाजूने उचलायचा, त्याच बाजूला आम्ही एक स्टॉपर, म्हणजे तुकडा टेकवून थांबवणारा ठोकळा, ठेवला होता. ही चूक बारा मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर झाली असती, तर एक दिवस आणि एक प्लेट वाया गेली असती.

स्टॉपर किती असावेत, याचा एक जुना आणि खात्रीचा नियम आहे. मोकळी वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते, अशा तिच्या सहा हालचाली असतात. खालून तीन टेकू, एका बाजूने दोन आणि टोकाला एक, असे सहा बिंदू दिले की वस्तूची जागा पूर्ण ठरते. सातवा बिंदू दिला की तो बाकीच्या सहांशी भांडतो. अँगल जरा वाकडा आला की जॉब एका टेकूवरून उचलला जातो आणि डोलू लागतो. बाजारातून येणारा अँगल कधीच पूर्ण सरळ नसतो, त्यामुळे आमच्या धंद्यात हा नियम विशेष पाळावा लागतो. क्लॅम्पचे काम वस्तूला या बिंदूंवर टेकवून ठेवणे एवढेच आहे, तिला सरळ करणे नव्हे. म्हणून क्लॅम्पचा दाब नेहमी टेकूच्या नेमका समोर यावा.

यानंतर आकसण्याचा विचार करावा. वेल्ड थंड होताना बाहूला वेल्डच्या बाजूला ओढतो. बाहूच्या दोन्ही अंगांना पक्के स्टॉपर असतील, तर आकसलेला जॉब आतल्या स्टॉपरवर घट्ट आवळून बसतो आणि हातोडी मारून काढावा लागतो. हातोडी मारली की स्टॉपरची जागा सरकते आणि पन्नासाव्या जॉबला फिक्स्चर खोटे बोलू लागते. म्हणून पक्का स्टॉपर बाहेरच्या अंगाला ठेवावा आणि आतल्या अंगाला, जिकडे बाहू ओढला जातो तिकडे, मागे घेता येईल असा क्लॅम्प ठेवावा. जॉब थंड झाला की क्लॅम्प आधी सोडायचा, मग जॉब उचलायचा. यामुळे ओढ थांबत नाही. क्लॅम्प सोडताच बाहू थोडा आत येतोच. तो किती येतो हे तीन जॉब करून मोजावे आणि बाहेरचा स्टॉपर तेवढाच बाहेर सरकवून मगच कायमचा बसवावा. हे अंतर पुस्तकातून शोधू नये. अँगलची जाडी, वेल्डची लांबी, रॉडचा व्यास आणि वेल्डरचा हात यांवर ते ठरते.

मागे घेता येणाऱ्या क्लॅम्पसाठी आम्ही मध्यापासून बाजूला भोक पाडलेली गोल चकती, म्हणजे कॅम, वापरली. हँडल फिरवले की ती जॉबला दाबते. ती स्वतःहून सुटू नये यासाठी भोक मध्यापासून किती बाजूला घ्यावे, याला मर्यादा आहे: लोखंडावर लोखंड कोरडे घासत असताना हे अंतर चकतीच्या व्यासाच्या विसाव्या भागापेक्षा जास्त ठेवू नये. साठ मिलिमीटरच्या चकतीला तीन मिलिमीटर पुरेत. त्यापेक्षा जास्त घेतले तर हँडल मोठी हालचाल देते, पण ठोक्याने किंवा थरथरीने उलटे फिरते. दाबणाऱ्या पृष्ठभागाला तेल लावू नये, कारण घर्षण कमी झाले की हाच हिशेब बिघडतो.

स्टॉपरची जी टोके वेल्डच्या जवळ येतात, ती तांब्याची करावीत. तांबे साध्या पोलादाच्या सुमारे आठपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून त्यावर पडलेला स्पॅटर, म्हणजे वेल्डमधून उडालेले वितळलेले थेंब, चिकटण्याआधीच गोठतो आणि बोटाने निघतो. विजेचे पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांतून निघणारे बसबारचे, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांचे, तुकडे भंगारात मिळतात आणि या कामाला ते उत्तम ठरतात. पितळ टाळावे, कारण आर्क त्याला लागला तर जस्ताचा धूर निघतो. हाच धूर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप वेल्ड करताना निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो; पॉलीहाउसची कामे करणाऱ्यांनी जोडाच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी घासून काढावा आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ न करता बाजूने उभे राहून काम करावे.

चुंबकाचा मोह येथे अनेकांना होतो. नेहमीच्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की कायमचे दुबळे होऊ लागतात, आणि वेल्डच्या जवळचे लोखंड एवढे सहज तापते. शिवाय डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, मशीनवर काम करताना चुंबक आर्कला एका बाजूला फेकतो. टाका मारण्यापुरता चुंबकी गुण्या ठीक आहे. पूर्ण वेल्ड करण्याआधी तो काढून ठेवावा.

शेवटचा भाग अर्थचा, म्हणजे वेल्डिंगची वीज जॉबमधून मशीनकडे परत नेणाऱ्या जोडणीचा. अर्थ क्लॅम्प टेबलाच्या पायाला अडकवण्याची सवय सर्वत्र आहे, आणि मग वीज गंजलेल्या जोडांतून, कॅमच्या बोल्टमधून वाट शोधत येते. जेथे जोड सैल असतो तेथे ठिणगी पडते आणि बोल्ट हळूहळू जळतो. आम्ही खांबाच्या खाली स्प्रिंगवर बसवलेला तांब्याचा एक ठोकळा दिला आणि अर्थची केबल थेट त्याला जोडली. जॉब ठेवला की अर्थ आपोआप लागतो. प्रत्येक जॉबला अर्थ क्लॅम्प काढून लावणारा हात यामुळे सुटला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर संपूर्ण फिक्स्चरमध्ये मला सर्वाधिक समाधान याच लहानशा ठोकळ्याने दिले.

चाचणी दुसऱ्याच्या हातात

ज्याने फिक्स्चर घडवले त्यानेच ते तपासले, तर ते नेहमीच उत्तम ठरते. ते शेडमधील सर्वांत नव्या मुलाच्या हाती द्यावे, काही न सांगता वापरायला सांगावे आणि तो कोठे अडखळतो ते पाहावे. डावखुरा कामगार असेल तर त्याच्याकडूनही वापरून घ्यावे. आमचे पहिले हँडल असे होते की डावखुऱ्याची बाही त्यात अडके.

मापे पहिल्या जॉबची घेऊन थांबू नये. वीस जॉब सलग करावेत आणि पहिल्या, दहाव्या व विसाव्या जॉबची मापे लिहावीत. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढते; म्हणजे सलग कामाने मीटरभर लांबीची बैठक ६० अंशांनी तापली, तर ती सुमारे ०.७ मिलिमीटरने लांबते. मांडवाच्या सांगाड्यात हे खपते. गेटच्या किंवा यंत्राच्या पायाच्या कामात खपत नाही, आणि तेथे बैठकीला मधूनमधून विश्रांती द्यावी किंवा दोन फिक्स्चर आलटून पालटून वापरावीत. मापाच्या नोंदीबरोबर निरीक्षणाची पहिली वही पुन्हा काढावी आणि तेच रकाने पुन्हा भरावेत. वेळ वाचला असे वाटणे आणि वाचणे यांत पुष्कळ अंतर असते.

जेथे हात घालू नये

काही अवजारांत घरगुती सुधारणा करूच नये, आणि या बाबतीत मी कोणाचाही युक्तिवाद ऐकून घेत नाही. चार इंची ग्राइंडर साधारणपणे मिनिटाला ११,००० फेरे घेतो. शंभर मिलिमीटरच्या चकतीची कड तेव्हा सेकंदाला सुमारे ५८ मीटर वेगाने धावते. रेझिनने बांधलेल्या नेहमीच्या चकत्या सेकंदाला ८० मीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेल्या असतात. गार्ड काढून त्याच ग्राइंडरवर १८० मिलिमीटरची चकती चढवली, की कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो आणि ती चकती कोणत्याही क्षणी फुटू शकते. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणे तर त्याहून घातक आहे, कारण ते लाकडात अडकताच ग्राइंडर हातातून उसळतो. चकतीवर छापलेला कमाल वेग वाचावा, गार्ड जागेवर ठेवावा आणि बोट काढताच बंद होणाऱ्या बटणाला दोरी किंवा टेप बांधू नये.

वायूच्या वाटेवरही हाच नियम लागू होतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला किंवा आट्यांना तेल वा ग्रीस कधीही लावू नये. दाबाखालील ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते. वर मी तांब्याची स्तुती केली आहे, म्हणून येथे मुद्दाम सांगतो की ॲसिटिलीनच्या नळीत जोड म्हणून तांब्याचा तुकडा वापरू नये, कारण त्यांच्या संयोगातून धक्क्याने फुटणारे संयुग तयार होते. ॲसिटिलीनच्या जोडांचे आटे डावे असतात आणि सिलिंडर मरून रंगाचा असतो, ऑक्सिजनचा काळा. हा फरक चूक होऊ नये म्हणून ठेवलेला आहे, त्यावर अडॅप्टर बनवून मात करण्यात कोणतेही कौशल्य नाही.

कागद आणि पेटंट

फिक्स्चर चालू लागले की त्याचे चित्र काढावे. संगणकावरच काढले पाहिजे असे नाही. पाटीवर काढलेले चित्रही चालते, पण त्यावर मापे, तारीख आणि बदलांची कारणे हवीत. “कॅमच्या भोकाचे मध्यापासूनचे अंतर चारवरून तीन मिलिमीटर केले, कारण थरथरीने सुटत होते” ही एक ओळ पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचवते. पाटीचा फोटो काढून पाटी पुसण्याआधी तो वहीत चिकटवावा.

सुधारणा विकण्याजोगी वाटली, तर पेटंटचा विचार करावा, आणि तो प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा फोनवरून सर्वांना चित्रफीत पाठवण्यापूर्वी करावा. वस्तू आधीच सार्वजनिक झाली, तर तिची नवीनता संपते. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एफ) नुसार, आपापले काम पूर्वीसारखेच स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध मानला जात नाही. टॉगल क्लॅम्प, चुंबक आणि गुण्या एका पट्टीवर बसवले, तर त्याला पेटंट मिळण्याची आशा धरू नये. त्या तीन वस्तू एकत्र आल्यामुळे एकट्या-एकट्याने न होणारे काही होते का, हे दाखवता आले पाहिजे. आमच्या फिक्स्चरमध्ये जॉब ठेवण्याच्या कृतीनेच अर्थ लागतो, हा असा दाखवण्याजोगा परिणाम आहे; कॅम आणि स्टॉपर मात्र सर्वांना ठाऊक असलेले आहेत. आधीची पेटंटे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात, आणि ती वाचण्यातून आपला शोध नवा नाही हे कळले, तरी दुसऱ्याने तीच अडचण कशी सोडवली हे शिकायला मिळते.

नाशिकचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि ते ऑनलाइन भरता येतात. पूर्ण तपशील तयार नसेल, तर आधी तात्पुरता तपशील दाखल करून तारीख मिळवता येते, आणि त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील द्यावा लागतो. व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. तपासणीच्या मागणीचा आणि वकिलाचा खर्च या शुल्काहून बराच अधिक असतो, हे लक्षात घेऊनच पाऊल टाकावे. पेटंट मिळाले तर त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. सुधारणा फक्त आकाराची किंवा दिसण्याची असेल, तर डिझाइन नोंदणी पाहावी. तिचे संरक्षण दहा वर्षांचे असून आणखी पाच वर्षे वाढवता येते.

आमच्या शेडमध्ये आता त्याच फिक्स्चरवर पुढचे काम चालू आहे. जॉबची एक बाजू वेल्ड झाली की तो उलटा करायला अजूनही दोन माणसे लागतात, म्हणजे चार हात पुन्हा नुसते धरण्यात गुंततात. बैठकीच्या दोन टोकांना बेअरिंग देऊन ती संपूर्ण फिरवावी, असा विचार आहे. तसे केल्यास अर्थची केबल चौकटीला लावता येणार नाही, कारण वेल्डिंगची वीज बेअरिंगमधून गेली की त्याचे गोळे आणि कडी खड्डे पडून खराब होतात. ती फिरणाऱ्या बैठकीलाच, अर्ध्या फेऱ्यापुरती सैल सोडून, जोडावी लागेल. फिरवल्यावर बैठक त्याच जागी अडकावी म्हणून खिट्टी कोणत्या बाजूला द्यावी, हे ठरवण्यासाठी प्लायवूडचा नमुना पुन्हा बाहेर काढला आहे.